बाकावरचा स्टॉपर

रुपराव हेडाऊनं मॅच विकली आणि त्या पैशांत फ्रिज घेतला, ही बातमी मंगळवारी सकाळी गोळीबार चौकात फुटली आणि दुपारच्या चहापर्यंत गांधीबागेतल्या कापडदुकानांत पोचली. पुरावा दणदणीत होता. रविवारी दीपज्योत स्पोर्टिंग हरली होती, रुपराव त्या टीमचा असिस्टंट कोच होता, आणि मंगळवारी त्याच्याच दारात टेम्पो उभा राहून दोन दारांचा लालचुटूक फ्रिज खाली उतरला होता. समोरच्या रुख्मिणीबाईंनी गॅलरीतून फ्रिजची उंची पाहिली आणि मॅच केवढ्याला गेली असेल याचा अंदाज सांगितला. संध्याकाळी तो अंदाज दुप्पट झाला, कारण तोवर कोणीतरी ऐकून आलं होतं की यात बर्फ आपोआप पडतो.

खरी गोष्ट अशी की फ्रिज भिशीचा. रुपरावची बायको पंचफुला गल्लीतल्या बायकांच्या भिशीत कित्येक वर्षं भरत होती, यंदा चिठ्ठी तिची निघाली. ती चिठ्ठी उचलली रुख्मिणीबाईंच्या नातीनं, रुख्मिणीबाईंच्याच ओट्यावर, त्यांच्याच बेसनाच्या डब्यातून. पण एवढं सगळं आठवत बसलं तर माणसानं बोलायचं काय?

मॅच मात्र गेली होती, आणि रुपरावच्या तोंडामुळेच गेली होती. म्हणून त्या तोंडाची गोष्ट पहिल्यापासून सांगणं भाग आहे.

रुपरावचा बाप उमरेडहून हातमाग घेऊन नागपुरात आला. दोन खोल्यांचं घर, त्यातली एक खोली मागानं खाल्लेली. सकाळी खटखट सुरू व्हायची ती दिवे लागेपर्यंत. त्या घरात मीठ हवं असेल तरी ओरडून मागावं लागे. रुपराव अशा घरात बोलायला शिकला, त्यामुळे हळू बोलणं हा प्रकार त्याच्या गळ्याला कधी कळलाच नाही. लग्न होऊन आलेल्या पंचफुलाला पहिले काही महिने वाटायचं, हा माणूस आपल्यावर सारखा संतापलेला असतो. तो बिचारा पाणी मागत असायचा.

हा गळा पुढे फुटबॉलच्या कामी आला. पाचपावलीच्या मैदानावर तेव्हा गवत नावाला नव्हतं. उन्हाळ्याच्या टूर्नामेंटात पोरं धावायला लागली की असा फुफाटा उडायचा, की मागच्या खेळाडूला बॉल दिसायच्या आधी तो त्याच्या छातीवर येऊन आदळायचा. तिथे डोळ्यांपेक्षा कानांचा भरवसा जास्त. रुपराव स्टॉपर खेळायचा, म्हणजे गोलकीपरच्या पुढ्यात मधोमध उभा राहून येणाऱ्याला अडवणारा. त्यानं आपल्या बाजूच्या बॅक लोकांसाठी तीन शब्द ठरवून टाकले. 'मार' म्हणजे दिसेल तिकडे लाथाड. 'थांब' म्हणजे पाय टाकू नको, समोरच्याला येऊ दे. 'सोड' म्हणजे बॉलला हात लावायचा नाही, पाय लावायचा नाही, मागे आपला माणूस आहे. बाकीचे बॅक मान न वळवता त्या शब्दांवर खेळायचे. दीपज्योतचा बचाव पाहायला मैदानात यायची गरज नाही, चौकात उभं राहून ऐकला तरी पुरतो, असं लोक म्हणायचे.

क्लबचे अध्यक्ष होते बाबूशेठ. गांधीबागेत त्यांचं साड्यांचं ठोक दुकान होतं, आणि त्यांची एक जुनी रीत होती: चांगला खेळाडू दिसला की त्याला आधी दुकानात घ्यायचं, मग टीममध्ये. सकाळी सराव, दिवसभर साड्यांचे गठ्ठे आणि मॅचच्या दिवशी दुपारी सुट्टी. एका काळी दीपज्योतची सगळी बॅकलाइन त्याच गादीवर बसलेली असायची. त्या दुकानात शिरलेला उमरेड-भिवापूरचा व्यापारी काही न घेता बाहेर पडल्याचं उदाहरण नाही. रुपराव दारापाशीच बसायचा.

इतकी वर्षं खेळून त्याच्या नावावर गोल लागला एक, आणि तोही स्वतःच्या जाळीत. डोक्यानं मारलेला, इतका देखणा, की समोरच्या टीमचे लोक मॅच संपल्यावर त्याचा हात हातात घेऊन गेले. स्टॉपरचं कामच तसं. अडवलेले गोल कोणी लिहून ठेवत नाही आणि सुटलेला एक माणसाला म्हातारपणापर्यंत सोडत नाही.

मग गुडघा गेला. कामठीच्या एका कडक मैदानावर उडी मारून खाली आला तो सरळ उभाच राहिला नाही. पुढे उभा राहिला, चालला, जिनेही चढला, पण धावायचं नाव काढलं की गुडघा दुसरीकडे बघायचा. बाबूशेठनं त्याला दुकानात ठेवलं आणि क्लबमध्ये असिस्टंट कोच करून टाकलं. त्या संध्याकाळी पंचफुलानं शेजारीपाजारी बर्फी वाटली. असिस्टंट म्हणजे काय असतं हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. रुपरावलाही नव्हतं.

असिस्टंटच्या हातात काय काय असतं, ते मग हळूहळू कळत गेलं. पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट असतो. घामट जाकिटांची पिशवी असते. बर्फाचा डबा, बॉलचा पंप, कोपऱ्यातले चार झेंडे. महापालिकेचा टँकर मैदानावर पाणी मारायला आला नाही तर ड्रायव्हरचा फोन नंबर असतो. टीम कोणती उतरवायची, कोणाला बाहेर काढायचं, केव्हा काढायचं, हे हेड कोचच्या हातात. हेड कोच येत गेले, जात गेले. असिस्टंट तोच राहिला, मैदानातल्या नळासारखा. सगळे त्याच्यापाशी यायचे, पाणी प्यायचे आणि खेळायला निघून जायचे.

त्यानं हेड कोच व्हायचं मनात आणलं नाही असं नाही. पहिलं लायसन्स काढलं. दुसऱ्यासाठी परगावी जाऊन राहावं लागायचं, तेव्हा नेमका दिवाळीचा सीझन आणि शेठनं सुट्टी दिली नाही. पुढच्या वेळी मुलीचं, उन्नतीचं लग्न निघालं. त्याच्या पुढच्या वेळी प्रात्यक्षिकात धावून दाखवायचं होतं. मग त्यानं तो विषय काढणं बंद केलं आणि लोकांनी विचारणं.

पण बॅक लोकांचा सराव त्याच्याकडेच होता, आणि तिथे तो राजा होता. पोरांना बॉलकडे पाठ करून उभं करायचा आणि मागून ओरडायचा. मार. थांब. सोड. जो वळून पाहील त्याला मैदानाला चक्कर. दीपज्योतचा हल्लीचा स्टॉपर दुर्गेश, उंचापुरा, भरदार पोरगा, असाच तयार झाला. त्याला झोपेत 'सोड' म्हटलं तर तो हातातली चादर सोडेल, असं त्याची आई सांगायची.

आणि इथेच रुपरावनं ती करामत केली, जी फक्त नागपूरचा जावईच करू शकतो. पंचफुलाचं माहेर कन्हानचं. तिचा भाऊ चंपतराव तिथल्या कन्हान ब्रदर्स क्लबच्या कमिटीत. रविवारी सासुरवाडीला गेलं की जेवणं होईपर्यंत जावयानं करायचं काय? चंपतरावचा मुलगा अंकित नऊ-दहा वर्षांचा असेल, तो आणि त्याचे मित्र रेल्वेलाइनजवळच्या पडीक जागेत खेळायचे. रुपराव तिथे जाऊन उभा राहिला. एका रविवारचे कित्येक रविवार झाले. अंकित त्याला मामाजी म्हणायचा, आत्याच्या नवऱ्याला तिकडे तेच म्हणतात. मामाजीनं भाच्यालाही पाठ करून उभं केलं आणि तेच तीन शब्द शिकवले. वेगळे शब्द शिकवावेत असं डोक्यात आलं नाही. कोणाच्या आलं असतं? पोरगं ते, रेल्वेलाइनजवळ खेळणारं.

ते पोरगं वाढून कन्हान ब्रदर्सचा स्टॉपर झालं.

दीपज्योतला मागच्या वर्षी नवे हेड कोच मिळाले. अश्विन सर. तिशीतला मुलगा, त्रिमूर्तीनगरकडचा, वरचं लायसन्स असलेला, लॅपटॉपवर मॅच थांबवून थांबवून दाखवणारा. चौकातल्या लोकांना वाटलं, आता म्हाताऱ्याची आणि याची जुंपणार. काही जण तर मुद्दाम सराव पाहायला जाऊ लागले. निराशा झाली. मुलगा चांगला निघाला. रुपरावला काका म्हणायचा, क्रेट उचलायला स्वतः हात लावायचा, आणि जे बोलायचं ते बाजूला घेऊन बोलायचा.

असंच एकदा त्यानं बाजूला घेतलं. त्यानं लॅपटॉपवर काही मॅचेस दाखवल्या. प्रत्येक ठिकाणी दुर्गेश बॉल सोडून बाकाकडे कान लावून उभा. आवाज आला की बरोबर हलतो, आवाज वाऱ्यानं दुसरीकडे गेला की पुतळा.

"काका, तुम्ही ओरडता तेव्हा तो चुकत नाही," अश्विन सर म्हणाले. "पण तुम्ही ओरडेपर्यंत तो पाहतच नाही. या सीझनमध्ये बाकावरून एक शब्द नको. माझ्यासाठी एवढं करा."

रुपरावनं त्यातली एक मॅच पुन्हा लावायला सांगितली. भांडायला काही जागाच नव्हती, हीच तर पंचाईत होती. मुलगा बरोबर बोलत होता.

घरी येऊन त्यानं पंचफुलाला सांगितलं. ती म्हणाली, देवानं ऐकलं म्हणायचं. मग त्याचा चेहरा पाहून गप्प बसली, आणि तिच्या हिशोबात हे फार मोठं काम होतं.

न ओरडणं हे गुडघ्यापेक्षा अवघड दुखणं निघालं. पहिल्या मॅचला त्यानं ओठ आवळून धरले, तर मध्यंतरापर्यंत डोळ्यांतून पाणी. दुसऱ्या मॅचला सुपारी ठेवून पाहिली, ती घशात अडकता अडकता राहिली. शेवटी दुपट्टा कामी आला. नागपूरच्या उन्हात प्रत्येकाच्या गळ्यात असतो तसा त्याच्याही असायचा, त्याचं टोक त्यानं दातांत धरलं. सबंध सीझन रुपराव हेडाऊ बाकावर दुपट्टा चावत बसला. लोक खेळ सोडून त्याच्याकडे पाहायला लागले. मॅच कशी चालली आहे हे विचारायचं नाही, दुपट्टा किती तोंडात गेला आहे ते पाहायचं. पंचफुला दुपट्टे धुताना बोटं भोकांतून आरपार घालून दाखवायची.

दुर्गेश हळूहळू मान वळवायला लागला, पाहायला लागला. त्याला वेळ लागत होता, आणि तेवढ्या वेळात टीम मॅच हरत होती. सीझन संपत आला तेव्हा दीपज्योत खालून तिसरी होती, आणि शेवटच्या दोन टीम खालच्या गटात जाणार होत्या. एकच मॅच उरली होती, कन्हान ब्रदर्सशी, जी खालून दुसरी होती. बरोबरी झाली तर दीपज्योत वरच्या गटात राहणार, हरली तर खालच्या गटात जाणार.

बाबूशेठ जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. दुकान आणि क्लब दोन्ही नातू ऋषिकेशकडे. माणूस वाईट नव्हता, पण त्याला फुटबॉलमधलं एवढंच ठाऊक होतं की आजोबांच्या फोटोशेजारी कप ठेवलेले आहेत. मॅचच्या आठवड्यात त्यानं रुपरावला दुकानात बोलावलं, चहा पाजला आणि अगदी गोड आवाजात सांगितलं की वरच्या गटात राहिलो तर चालू ठेवू, खाली गेलो तर सीनियर टीम बंद करू. रुपरावनं विचारलं, "मंग मी काय करू?" ऋषिकेशला वाटलं तो मॅचबद्दल विचारतो आहे. "जिंका," तो म्हणाला.

रुपराव चहाचा कप ठेवून बाहेर आला. मैदानाशिवाय संध्याकाळ कशी असते हे त्यानं चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. लोक संध्याकाळी घरी काय करतात, असं त्यानं पंचफुलाला त्या दिवशी विचारलं. तिनं सांगितलं, सिरियल पाहतात. त्याला घाम फुटला.

शनिवारी चंपतरावचा फोन आला. पंचफुला पोळ्या लाटत होती, म्हणून फोन स्पीकरवर. मेहुण्यानं मेहुण्याशी बोलावं तसं चंपतराव बोलला, की जवाईबापू, उद्याची मॅच सोडून द्या, कन्हानची इज्जत राखा, पुढच्या वेळी आले की मटण पक्कं. रुपरावनं त्याला दोन शिव्या घातल्या, चंपतराव हसला, फोन संपला. पण शिव्या कोणी लक्षात ठेवत नाही. खिडकीखालून जाणाऱ्यांच्या कानात 'मॅच सोडून द्या' आणि 'मटण' एवढंच राहिलं.

रविवारी दुपारी उन्हाचा नुसता जाळ. बाकावर टिनाचा मांडव. दोराच्या आतल्या चौकोनात अश्विन सर उभे. नियमाप्रमाणे तिथे एकानंच उभं राहून बोलायचं. रुपराव मागे बसलेला, दुपट्टा दातांत.

आणि दुर्गेश खेळला. असा खेळला, की रुपरावला स्वतःचाच राग यायला लागला. पाहून खेळत होता, कोणाची वाट न पाहता. कन्हानवाल्यांना त्यानं एकदाही आत येऊ दिलं नाही. तिकडे अंकितही तसाच, भिंत. मामाजीची दोन पोरं मैदानाच्या दोन टोकांना उभी, आणि मामाजीला एकाचं कौतुक करायचं तर दुसऱ्याच्या वाईटावर राहावं लागत होतं. मॅच शेवटाला आली तरी गोल नाही. बरोबरी होती आणि बरोबरी पुरे होती.

अशात दीपज्योतला कॉर्नर मिळाला. अश्विन सर हातानं सांगत होते की मागे थांबा, पुढे जाऊ नका. पण दुर्गेशच्या अंगात आलं होतं, तो धावत कन्हानच्या गोलपाशी पोचला. बॉल आला, कोणाच्या तरी पाठीला लागून खाली पडला आणि अंकितच्या पुढ्यात उसळला. अंकितनं तो बाहेर लाथाडायला पाय उचलला. एका बाजूनं दुर्गेश डोकं खाली घालून सुटला होता. त्याच्या मागे दीपज्योतचा सौरव अगदी मोकळा उभा, समोर उघडी जाळी. गर्दीत अंकित बाकावरून दिसत नव्हता, रुपरावला एवढंच दिसलं की दुर्गेशनं बॉल सोडायला पाहिजे. दुर्गेशनं नुसता बॉल सोडला की सौरव आणि जाळी.

रुपरावच्या तोंडातून दुपट्टा कधी पडला हे त्याला कळलं नाही.

"सोड!"

हातमागावरचा आवाज तो. सीझनभर साठलेला. समोरच्या झाडावरचे कावळे उडाले असं लोक सांगतात.

दुर्गेशनं सोडला नाही. वर्षभर त्याला शिकवलं होतं, बाकाचं ऐकू नको, डोळ्यांनी पाहा. त्यानं पाहिलं आणि पाय मारला. सोडला तो अंकितनं. नऊ वर्षांचा असल्यापासून त्याच गळ्यातून आलेला तोच शब्द, आणि अंकितचा उचललेला पाय आपोआप खाली आला. बॉल जाळीत.

रुपराव गुडघा विसरून उडाला. खेळताना जे जमलं नाही ते बाकावर बसून जमलं होतं, असं त्याला त्या क्षणी वाटलं असणार. अश्विन सरांनी मात्र डोळे मिटून घेतले होते, कारण शिट्टी त्यांना आधी ऐकू आली.

रेफरी अंकितकडे गेला. बाकावरून समोरच्या खेळाडूला फसवायला ओरडणं हा गुन्हा, गोल त्यावर गेला का एवढंच त्याला पाहायचं होतं. त्यानं विचारलं, पायाशी आलेला बॉल काहून सोडला? अंकितची पंचाईत झाली. खोटं बोलला असता तर त्याच्याच टीमवर गोल चढत होता आणि खरं बोलला तर मामाजीवर.

"मामाजीनं सोड म्हटलं," तो म्हणाला.

रेफरीनं विचारलं, कोण मामाजी? अंकितनं बोट दाखवलं नाही. त्याची गरजच नव्हती. सगळं मैदान रुपरावकडे पाहत होतं, आणि मॅचमध्ये मामाजी कुठून आला याचा विचार प्रेक्षकांत तिथूनच सुरू झाला.

मी माह्याच पोराले ओरडून राहिलो होतो, असं रुपराव रेफरीला सांगत होता. रेफरीनं ऐकून घेतलं. मग गोल रद्द केला, लाल कार्ड काढलं आणि त्याला दोराबाहेर जायला सांगितलं. तिथून पुन्हा आवाज आला तर टीमची तक्रार लीगकडे करीन, हेही सांगितलं. रुपराव क्रेट उचलून निघाला. कोणीतरी म्हणालं, क्रेट राहू द्या. तो क्रेट ठेवून निघाला.

इकडे हुज्जत चालू होती, तिकडे कन्हाननं फ्री किक लावून टाकली. दुर्गेश अजून पुढेच. एक लांब बॉल मागच्या मोकळ्या मैदानात पडला आणि कन्हानचा फॉरवर्ड एकटा धावत सुटला. दुर्गेश जिवाच्या आकांतानं मागे पळाला, आणि गाठलंही त्यानं, अगदी गोलच्या तोंडाशी. आता पाय टाकायचा की थांबायचं? सबंध मॅचमध्ये पहिल्यांदा, त्या एका ठिकाणी, दुर्गेशनं मान वळवून बाकाकडे पाहिलं.

बाकावरची ती जागा रिकामी होती. रुपराव दोराच्या मागे प्रेक्षकांत उभा होता, दोन्ही हातांनी दुपट्टा तोंडात कोंबून. 'थांब' एवढं म्हणायचं होतं. शब्द तोंडापर्यंत आलेला होता. दुर्गेशनं पाय टाकला, फॉरवर्डनं बॉल बाजूनं काढला, आणि दीपज्योत खालच्या गटात गेली.

रात्री रुपराव जेवला नाही. पंचफुला माहेरचं नाव काढेना, ही त्या घरात न पाहिलेली गोष्ट. मंगळवारी फ्रिज आला आणि पुढची मजा लोकांनी स्वतःच केली. त्यात भर म्हणून त्याच दुपारी अंकित आला, कन्हानहून बसनं, आईनं दिलेल्या शेवयांची पिशवी घेऊन. रुख्मिणीबाईंनी पिशवी पाहिली. पिशवीत काय असणार हे गल्लीला सांगायला त्यांना शेवया दिसायची गरज पडली नाही.

अंकित आत येऊन रुपरावच्या पायाशी वाकला आणि तसाच खाली बसून राहिला. त्याची टीम वाचली होती आणि दोन दिवस तो मैदानावर गेला नव्हता. मग त्यानं विचारलं, "मामाजी, मी खोटं बोलाले पायजे होतं का?"

रुपरावनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"नाई बेटा," तो म्हणाला. "तुनं बरोबर केलं. मी म्हटलं, तुनं सोडला."

पंचफुलानं नव्या फ्रिजातलं थंड पाणी भाच्याला दिलं. तिला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, पण ती एवढंच म्हणाली की याचं दार उघडं ठेवलं की शिट्टी वाजते. रुपरावनं उठून ते दार लावून टाकलं.

ऋषिकेशनं सांगितल्याप्रमाणे केलं. टीम बंद, जाकिटं आणि बॉल दुकानाच्या माळ्यावर. अश्विन सरांना दुसरीकडे काम मिळालं. जाण्याआधी ते भेटायला आले आणि तुम्ही वर्षभर माझं ऐकलं हे विसरणार नाही, असं म्हणाले. रुपराव म्हणाला, शेवटी नाही ऐकलं. त्यावर दोघंही हसले, पण त्यात हसण्यासारखं फारसं नव्हतं. दुर्गेशला कन्हान ब्रदर्सनं बोलावलं. तो विचारायला आला, जाऊ का? रुपरावनं जायला सांगितलं. आता मामाजीची दोन्ही पोरं एकाच टोकाला उभी राहतात, शेजारी शेजारी, आणि लोक सांगतात की त्यांच्यामधून वारासुद्धा जात नाही. रुपराव त्यांची एकही मॅच पाहायला गेलेला नाही. कन्हानला गेला तर लोक मटणाची आठवण काढतील, आणि मैदानाजवळ गेला तर तोंड उघडेल, असं तो म्हणतो.

सकाळी मात्र तो अजून मैदानावर जातो. कोणी नसतं. कोपऱ्यातले चार झेंडे लावतो, थोडा वेळ उभा राहतो, काढतो आणि परत येतो. येताना दादाजींच्या टपरीवर तर्री-पोहे.

परवा तिथे गर्दी होती. दादाजींनी पोह्यांवर तर्री ओतली, चणे टाकले आणि प्लेट हातात न देता तशीच धरून ठेवली. टपरीवरचे सगळे आपसूक गप्प झाले, कारण हा प्रश्न कित्येक महिने प्रत्येकाच्या जिभेवर होता आणि विचारायची हिंमत कोणाची झाली नव्हती.

"खरं सांग रुपराव," दादाजी म्हणाले, "मॅच केवढ्याले विकली गा?"

रुपरावनं त्यांच्या हातातून प्लेट ओढून घेतली आणि एक घास खाल्ला.

"विकाले मॅच माह्या हातात होती कधी, दादाजी? मी असिस्टंट आहो."